सातवा रकाना

"नऊ नावं द्या मॅडम," उमाळे सर म्हणाले. "दहा झाली तरी चालतील. नवाच्या खाली नको."

"नऊच का?"

"आँ?"

"नऊच का, म्हणते मी."

सरांनी तळहात कानामागे धरला. आमच्या या मुख्याध्यापकांना जरा कमी ऐकू यायचं. मी खुर्ची टेबलाजवळ ओढून तिसऱ्यांदा तेच विचारलं.

"सोपं आहे. नववीत सेहेचाळीस पोरं. नऊ गेले, सदतीस उरले. पुढच्या वर्षी त्यातले एकोणीस दहावी पास झाले, की पन्नास टक्के पार. गेल्या वर्षी एकतीस टक्के लागला तर साहेबांनी मला तासभर उभं ठेवलं होतं. माझं वय पाहा, अन् उभं राहणं पाहा."

हे गाव तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातलं. जिल्हा परिषदेची माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी. मी चोवीस वर्षांची होते. फिजिक्स घेऊन बी. एस्सी., मग बी. एड., आणि ही पहिली नोकरी. नववीला गणित आणि विज्ञान मी शिकवायची. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले होते आणि एक मेला निकाल सांगायचा होता.

नऊ नावांचं काय करायचं, ते सर्वांना ठाऊक असे. नववीत नापास करायचं. पालकाला बोलवायचं, दाखला हातात द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसा. बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या नावावर लागत नाही. आणि खरं म्हणजे बाहेरून बसतंही कुणी नाही.

"अन् तो अहवाल?" सरांनी विचारलं. "दहा तारखेपर्यंत पंचायत समितीत पोचला पाहिजे. 'निकाल कमी लागण्याची कारणे.' तुमच्यासारखं नीटनेटकं कोणी लिहिणार नाही इथं."

"तक्ता तयार आहे सर."

"आँ?"

मी तक्ता पुढे सरकवला.

त्या तक्त्याचा मला अभिमान होता. फेब्रुवारीत मी सेहेचाळीस मुलांना एकेक करून टेबलाशी बोलावून माहिती लिहून घेतली होती. सहा रकाने आखले होते: घराचं शाळेपासून अंतर, आईवडिलांचं शिक्षण, घरी वीज, घरातली कामं, घरी अभ्यासाचे तास, आणि गैरहजेरी. शेवटी पहिल्या सत्राचे गुण आणि वार्षिकचे गुण शेजारी शेजारी. गैरहजेरीचा रकाना सगळ्यात बोलका होता. आमच्या भागात दिवाळीनंतर कापूस वेचणी लागते. जी मुलं वेचणीला जात, ती महिन्यातून आठ-दहा दिवस शाळेत नसत आणि त्यांचेच गुण कोसळत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलेख जसा सरळ यावा आणि मन शांत व्हावं, तसं मला तो रकाना पाहून झालं होतं.

फक्त एक ओळ त्यात बसत नव्हती. कांता खंडारे. घर शाळेपासून तीनशे पावलांवर. आई अंगणवाडीत मदतनीस, सातवी शिकलेली. वीज होती. एकही खाडा नव्हता. पहिल्या सत्रात विज्ञानाला एकाहत्तर, वार्षिकला बावीस. गणितात त्याहून वाईट.

अशा एखाद्या बिंदूला प्रयोगशाळेत आम्ही बाजूला ठेवत असू. मापं घेताना चूक झाली असेल, असं म्हणायचं आणि रेघ ओढायची. मी पेन्सिलीनं कांताच्या नावापुढे बारीक फुली केली आणि नऊ नावांत तिचं नाव नवव्या क्रमांकावर लिहिलं.

"झकास," उमाळे सर म्हणाले. त्यांनी यादीवर सही केली.

एक मेला झेंडावंदन झालं आणि निकाल वाचला. दोन तारखेपासून शाळेला सुट्टी लागली. मी नागपूरला गेले नाही. बाबा जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, आई भावाकडे राहायला गेली होती आणि भावाच्या दोन खोल्यांत मी कुठे झोपायचं हा प्रश्न कुणी काढत नसलं तरी तो असायचा. द्वारकाबाईंच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. द्वारकाबाई एकट्या, साठीच्या. वर्षभरात आमचं बोलणं फारसं वाढलं नव्हतं. मी काही म्हटलं की त्या, "काय म्हणता बाई?" म्हणत, मी पुन्हा म्हणे, त्या नुसती मान हलवत. किराण्याच्या दुकानात मी साबुदाणा मागितला तर साखर मिळे, आणि मी ती घेऊन येई. परत सांगण्यापेक्षा साखर बरी वाटायची. कित्येक रविवार असे गेले की दिवसभरात मी एक वाक्यही बोलले नाही आणि संध्याकाळी ते लक्षातही आलं नाही.

तीन दिवसांत आठ पालक येऊन दाखले घेऊन गेले. कुणी भांडलं नाही. भास्कर डाखोरेच्या वडिलांनी टोपी काढून विचारलं, "म्हंजे पोरगं कामाचं नाही का मॅडम?" उमाळे सरच मध्ये बोलले, "कामाचंच आहे हो. अभ्यासाचं नाही एवढंच." त्यावर ते हसले, अंगठा उमटवला आणि गेले. भास्कर दाराबाहेर उभा होता. उंच मुलगा, दार त्याला ठेंगणं व्हायचं.

कांता आली ती पाच तारखेला, एकटीच.

मी नववीच्या वर्गात बसून अहवालाची स्वच्छ प्रत करत होते. ऑफिसात पत्र्याखाली बसवत नव्हतं, वर्गाला निदान कौलं होती. सकाळचे दहा वाजले असतील. शाळेत मी, पुंजाजी शिपाई आणि आतल्या खोलीत उमाळे सर.

"मॅडम," ती दारातून म्हणाली. "आई सोमवारी येईन. मावशीची डिलेव्हरी हाये, तिकडं गेली."

"बरं. आत ये. बस."

ती आत आली. पुढचे सगळे बाक रिकामे होते. ती त्यांच्यामधून चालत गेली आणि मुलींच्या रांगेतल्या शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला, स्वतःच्या जागी जाऊन बसली. जूनमध्ये मीच बसवलं होतं तिला तिथे. वर्गाला उंचीप्रमाणे उभं करून ठेंगणी पुढे, उंच मागे, असा त्या शाळेचा रिवाज होता. एकदा जागा ठरली की वर्षभर ती बदलत नसे.

मी तक्ता उघडून ठेवला. खरं सांगायचं तर ती फुली मला टोचत राहिली होती. बाजूला ठेवलेला बिंदू समोर येऊन बसला होता, तर विचारून घ्यावं.

"कांता, घरी लाइट आहे ना तुमच्याकडे?"

"हाये ना. आकड्याची नाही, मीटरची हाये."

"वेचणीला गेलीस का कधी?"

"आमाले वावरच नाही. अन् आई जाऊ नाही देत. म्हणे, तू शिकून अंगणवाडी बाई हो, मी मदतनीसच राह्यली."

"घरी बरं नव्हतं का कुणाला?"

"नाही."

"मग एकाहत्तरावरून बावीस कसे झाले?"

तिच्या शेजारच्या खिडकीच्या गजांना कापसाची रुई चिकटून राहिली होती. तिनं ती नखानं काढायला सुरुवात केली.

"मी काही विचारलं, कांता."

"हाव. ऐकू आलं." तिनं रुईची बारीक गोळी केली. मग खाली बघत म्हणाली, "आज ऐकू येऊन राह्यलं, मॅडम."

"म्हणजे?"

"आज तुमचं सगळं ऐकू येऊन राह्यलं. जिन बंद हाये ना."

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून कापसाची जिन होती. वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. दिवाळी झाली की ती सुरू व्हायची, सकाळी आठ ते रात्री आठ, आणि मार्च संपेपर्यंत थांबायची नाही. हे मला माहीत होतं. रुई उडून वर्गात यायची, माझ्या साडीवर बसायची. पण आवाज? मी आवाज आठवायचा प्रयत्न केला आणि मला तो आठवेना.

मी नागपुरात, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. रूळ दारासमोर. बाबांची रात्रपाळी असायची आणि दिवसा ते झोपायचे. मालगाड्यांच्या खडखडाटानं त्यांची झोप कधी मोडली नाही. मोडायची ती आमच्या बोलण्यानं. म्हणून आमच्या घरी सगळे ओठांत बोलत. यंत्राचा आवाज माझ्या कानाला आवाजच वाटत नसे. आणि माणसाचा आवाज वर काढायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"दिवाळीपासून?" मी विचारलं.

"हाव. या बाकावर तर कायीच नाही. पुढच्यावरबी नाही. तिसऱ्या बाकावरच्या पोरीले थोडं थोडं ये."

"फळ्यावरचं उतरवून घ्यायचीस ना?"

"घेतलं ना. पण तुमी फळ्यावर आकृती काढत, अन् बोलत. बोललेलं वहीत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाले?"

"मला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. या प्रश्नाचं तिला खरोखरच नवल वाटलं होतं. "मॅडमले कसं सांगावं, का तुमचं ऐकू येत नाही म्हणून? उमाळे सर म्हणत, मॅडम नागपूरच्या हायेत, लय शिकेल हायेत, चुपचाप ऐकाचं."

"पण मी रोज विचारायचे, कांता. प्रत्येक तासाला दहादा विचारायचे, कळलं का? तुम्ही सगळे हो मॅडम म्हणायचात. एका सुरात. मागचेसुद्धा."

ती पहिल्यांदाच हसली.

"ते ऐकू नोहतं येत. ते दिसे. तुमी फळ्याकडून वळत अन् खडू खाली ठेवत. खडू ठेवला का आमी हो म्हनो."

ती उठली, "जाऊ का?" म्हणाली आणि सोमवारी आईला घेऊन येते म्हणून गेली.

कपाटाच्या दाराला आतून वर्गाचा नकाशा चिकटवलेला होता, माझ्याच अक्षरात. कुणी कुठे बसायचं त्याचे चौकोन. मी तो सोडवून टेबलावर पसरला. पहिल्या सत्रातून वार्षिकचे गुण वजा करून एकेका चौकोनात आकडा लिहीत गेले. पहिला बाक: दोन, चार, एक. दुसरा: तीन, सहा, पाच. एकीचे तर तीन वाढले होते. तिसऱ्या बाकापासून आकडे दोन अंकी झाले. चौथा: अठरा, एकवीस, चोवीस. शेवटचा: एकोणचाळीस, एकेचाळीस, एकोणपन्नास. एकोणपन्नास कांताचे. नऊच्या नऊ नावं शेवटच्या दोन बाकांवरची होती.

मग वेचणी? वेचणीचा रकाना इतका सरळ कसा आला होता? त्याचंही उत्तर नकाशातच होतं. वेचणीला न्यायची ती थोराड दिसणारी मुलं. उंच मुलं. आणि उंच मुलं मागे बसत. दोन गोष्टी बरोबर चालत होत्या आणि मी त्यातली एकच पाहिली होती. त्या दोन्हींना वेगळं करून दाखवणारी एकच मुलगी त्या वर्गात होती. उंच, पण घरी शेत नसलेली. तिच्याच नावापुढे मी फुली केली होती.

खात्री करायला मी आणखी एक गोष्ट तपासली. मराठी उमाळे सर शिकवत, आणि त्यांचा आवाज जिनच्या वरून जाई. मराठीत कांताला त्रेसष्ट होते. भास्करला पन्नास.

मी तक्ता आणि नकाशा घेऊन ऑफिसच्या दारात गेले. सर कुणालातरी पत्र लिहीत होते. मागच्या व्हरांड्यात पुंजाजी आपल्याशीच पुटपुटला, "माठातलं पानी संपलं वाटते."

"भरून ठेव मग," सर मान वर न करता म्हणाले.

मी दारातच थांबले. पुंजाजी माझ्यापेक्षा लांब होता. मध्ये भिंत होती.

"सर," मी म्हटलं.

"आँ?" ते म्हणाले.

त्या एका "आँ"नं वर्षभराचं सगळं आपापल्या जागी गेलं. साखर. द्वारकाबाईंची मान. मी आत जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम आवाज चढवून बोलले. तो मला परका वाटला, कुणीतरी दुसरीच बाई खोलीत बोलत असल्यासारखा.

सरांनी नकाशा बराच वेळ पाहिला. बोटानं एकेक चौकोन मोजला. ते मूर्ख नव्हते.

"हे आणखी कोणाला दाखवलं?"

"नाही."

"काय करायचं म्हणता?"

"अहवालात सातवा रकाना घालायचा. बाकाचा क्रमांक. आणि खाली कारण लिहायचं."

"काय कारण लिहू? जिन शाळेच्या आधीपासून आहे. ती काही हलणार नाही, अन् जिनवाल्यानंच आपल्याला वर्गाचे पंखे दिले आहेत. मग राहिलं काय? 'शिक्षिकेचा आवाज पोचत नाही.' असं लिहू? तुम्ही अजून पर्मनंट नाही. साहेब सर्व्हिस बुकात उचलून लिहितील, ते निवृत्त होईपर्यंत तुमच्या मागे चालेल."

"खरं आहे ते, सर."

"खरं असेल. पण कारणांचा कागद असतो मॅडम, त्यात अशीच कारणं लिहायची, की ज्यावर कोणी काही करू शकत नाही. गरिबी, अंतर, वेचणी. साहेबही मान हलवतात, आपणही हलवतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सहाच राहू द्या."

"आणि ती नऊ मुलं?"

"आठ दाखले गेले. सह्या-अंगठे झाले. रजिस्टरला नोंद झाली."

"एक राहिला आहे. तिची आई सोमवारी येणार आहे."

सरांनी नकाशाची घडी घातली. बाहेर पुंजाजी माठ धूत होता, त्याचा आवाज येत होता.

"फेरपरीक्षा घ्या तिची," शेवटी ते म्हणाले. "वीस जूनच्या आत. दोन्ही विषय. पेपर मी काढणार, मी तपासणार. पस्तीसच्या खाली एक गुण आला तरी दाखला. मग माझ्याकडे येऊ नका."

"आठांना पण बोलवून…"

"मॅडम. एक मिळाला ना?"

अहवाल सहा रकान्यांचा गेला. त्यावर माझी सही होती. सात रकान्यांची कच्ची प्रत मी ठेवून घेतली, ती अजून माझ्याकडे आहे. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तेहतीस-चौतीस वर्षांत कितीतरी प्रशिक्षणांना बसले, कितीतरी वेळा गटचर्चेत विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर परिणाम करणारे घटक फळ्यावर लिहिले गेले. दर वेळी तेच सहा. मी एकदाही हात वर केला नाही.

त्या आठांकडेही गेले होते मी, मे महिन्यात, उन्हं उतरल्यावर. भास्कर मामाबरोबर सुरतेला गेला होता. दोन मुलींच्या घरी लग्नाचा मांडव होता, एकीकडे मला बसवून लाडू दिला. दोघांनी मला पाहून मागच्या दारानं पळ काढला. बाकीच्या तिघांचे पालक म्हणाले, आता कायले मॅडम, झालं ते झालं. मी समजावून सांगत होते तेव्हा ते सगळे मान हलवत होते. त्यांना किती ऐकू येत होतं, कोण जाणे.

कांता मात्र रोज आली. सकाळी सात ते नऊ. पहिल्या दिवशी मी तिला पहिल्या बाकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शेवटच्या बाकावर.

"अगं, पुढं ये ना. एकटीच तर आहेस."

"इथंच बसतो, मॅडम."

"का?"

"दिवाळीले जिन सुरू होईन. पुढच्या बाकावर किती जणी मावतीन? मागंबी कोणी तं बसंनच."

ती पंधरा वर्षांची होती. तिनं हे तोंड वर करून सांगितलं नाही, वहीला कव्हर घालता घालता सांगितलं. मग म्हणाली, "तुमी बोला. नाही आलं ऐकू तर मी हात वर करतो."

त्या सकाळी तिनं चौदा वेळा हात वर केला. जिन बंद असताना. तिच्या मते आज ऐकू येतं एवढ्यानं भागत नव्हतं, जिन सुरू असती तर आलं असतं का ते महत्त्वाचं होतं. पुंजाजीला तिनं कामाला लावलं. तो मागच्या भिंतीशी पाण्याचं रिकामं पिंप उपडं घालून त्यावर काठी वाजवत बसायचा. "मॅडमची ट्रेनिंग चालू हाये," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मी आवाज चढवला की तो फाटायचा, चिरका व्हायचा, कधी मध्येच नुसता वारा बाहेर पडायचा. दुसऱ्या आठवड्यात घसा बसला. द्वारकाबाईंनी काढा करून आणला आणि म्हणाल्या, "कोणाशी भांडून आल्या बाई? सांगा तर खरं, मीबी येते."

मला हसू आलं, पण ते घशातून बाहेर येईना.

कांताला फेरपरीक्षेत विज्ञानाला अठ्ठावन्न आणि गणिताला त्रेचाळीस मिळाले. उमाळे सरांनी पेपर कडक तपासले होते, अर्धा अर्धा गुण कापून. सव्वीस जूनला शाळा उघडली तेव्हा ती दहावीच्या वर्गात उंचीप्रमाणे शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पुढल्या वर्षी पास झाली. नंतर त्या दोघी मायलेकी गाव सोडून गेल्या. मला तिचं पत्र कधी आलं नाही. यावं असं काही मी तिच्यासाठी केलंही नव्हतं.

माझा आवाज मात्र त्या उन्हाळ्यात बदलला तो बदललाच. पुढे दुसऱ्या शाळांत माझ्यामागे मला भोंगा म्हणत. आता मी अकोल्यात एकटी राहते. शेजारची सून परवा म्हणाली, "काकू, घरात कोणी नसतं ना तुमच्याकडे? मग बोलण्याचा आवाज कसा येतो?" मी म्हटलं, रेडिओ असेल.

त्या मे महिन्यातली एक सकाळ मात्र मला जशीच्या तशी आठवते. तिसरा आठवडा होता. मी प्रतिध्वनी शिकवत होते. भिंत, माणूस, मधलं अंतर, आवाजाला जायला आणि परत यायला लागणारा वेळ. फळ्यावर आकृती काढली, बाण दाखवले. पुंजाजी मागे पिंप बडवत होता. माझा घसा सोलून निघाला होता, तरी मी शेवटच्या भिंतीकडे बघत वाक्य पुरं केलं. मग वळले, खडू खाली ठेवला आणि सवयीनं विचारलं,

"कळलं का?"

कांताचं तोंड "हो"साठी उघडलं होतं. मी ते फळ्याजवळून पाहिलं. पिंपावरची काठी थांबली. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, टेबलावर ठेवलेल्या खडूकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग ती उभी राहिली.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "ऐकू आलं सगळं. पण कळलं नाही."

मी खडू पुन्हा उचलला.